लेड झेपेलिनचा तिसरा अल्बम: करकर, रिकाम्या जागा आणि तानपुऱ्यासारखी लावलेली गिटार

तुझा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तू एकवीस वर्षांचा, नाशिकच्या एका बँडमध्ये गिटार वाजवतोस. लेड झेपेलिन या इंग्लिश रॉक बँडचे पहिले दोन अल्बम तुला पाठ आहेत. तिसरा लावलास, 'इमिग्रंट साँग'वर उड्या मारल्यास आणि दुसऱ्या बाजूपर्यंत जांभया यायला लागल्या. तुमचा ड्रमर मात्र म्हणतो की खरा अल्बम हाच. कोण बरोबर? आणि 'फ्रेंड्स' हे गाणं कितीही टॅब बघितले तरी बोटांत का बसत नाही?

ड्रमर बरोबर आहे. पण जांभया आल्या म्हणून लाजू नकोस. १९७० साली इंग्लंड-अमेरिकेतल्या समीक्षकांनाही आल्या होत्या, आणि त्यांना हे ऐकायचे पैसे मिळत होते.

मी स्वतः तीस वर्षं रेकॉर्डिस्ट म्हणून काम करतोय. सुरुवात टेपवर केली, आता संगणकावर. सोबत गिटार शिकवतो. त्यामुळे माझं उत्तर रसिकाचं कमी आणि कारागिराचं जास्त असेल. हा अल्बम मी पहिल्यांदा ऐकला तो कुणाच्या तरी कॅसेटवरून भरून घेतलेल्या कॅसेटवर, खरखरीसकट. त्यातली कुठली खरखर माझ्या कॅसेटची आणि कुठली मुळातली, हे कळायला पुढे दहा वर्षं गेली. ती गोष्ट खाली येईलच.

आधी एक गैरसमज काढून टाकू. सगळीकडे लिहिलेलं असतं की दोन दणदणीत अल्बम काढून हा बँड अचानक अकूस्टिककडे, म्हणजे बिनविजेच्या वाद्यांकडे, वळला. अचानक काही नाही. पहिला अल्बम जानेवारी १९६९ चा. त्यातलं 'ब्लॅक माउंटन साइड' काढून ऐक. अकूस्टिक गिटार, आणि सोबत तबला. वाजवणारे विराम जसानी. 'बेब आय'म गॉना लीव्ह यू'चा अर्धा डोलारा अकूस्टिकवरच उभा आहे. दुसऱ्या अल्बममधल्या 'रॅम्बल ऑन'ची सुरुवातही तशीच. गिटारवाला जिमी पेज आणि बासवाला जॉन पॉल जोन्स हे दोघे बँडच्या आधी लंडनच्या स्टुडिओंमध्ये रोजंदारीवर वाजवणारे होते, आज पॉप तर उद्या जाहिरात. जोन्स तर इतरांच्या गाण्यांचं वाद्यवृंद-संयोजन करायचा. असल्या माणसांना एकाच आवाजात अडकून पडणं जमतच नाही.

बदलला तो वेळ. १९६९ हे जवळजवळ सगळं वर्ष त्यांनी दौऱ्यांत घालवलं, त्यातले बरेच अमेरिकेचे. दुसरा अल्बम त्याच धावपळीत, दोन कार्यक्रमांच्या मधे जो स्टुडिओ मिळेल त्यात तुकड्यातुकड्यांनी रेकॉर्ड झाला आणि ऑक्टोबरमध्ये बाजारात आला. दहा महिन्यांत दोन अल्बम. तुला तो आवडतो तो त्यातल्या धापेमुळे. ती धाप खोटी नाही, माणसं खरंच धावत होती. १९७० च्या वसंतात पहिल्यांदा त्यांना थांबायला मिळालं.

मग ती प्रसिद्ध झोपडी. वेल्समध्ये मखन्लेथ नावाच्या गावाजवळ ब्रॉन-र-आउर हे अठराव्या शतकातलं दगडी घर आहे. बँडचा गायक रॉबर्ट प्लँट लहानपणी घरच्यांबरोबर तिथे सुट्टीला जायचा. वीज नाही, नळ नाही. पेज आणि प्लँट तिथे गेले. सोबत प्लँटची बायको, लहान मुलगी, स्ट्रायडर नावाचा कुत्रा, पेजची मैत्रीण आणि बँडचे दोन मदतनीस. दिवसा डोंगरात भटकायचं, रात्री शेकोटीशी बसून वाजवायचं. या घराचं आता तीर्थक्षेत्र झालंय. चाहते लिहितात ते वाचलं तर वाटेल की सगळा अल्बम तिथेच भिंतींतून पाझरला. तसं नाही. तिथून आलेली गाणी मोजकी आहेत. 'दॅट्स द वे' हे त्यातलं ठळक. फिरायला गेले असताना वाटेत बसून त्यांनी ते सोबतच्या छोट्या टेपरेकॉर्डरवर धरून ठेवलं. 'टँजरीन' तर पेजच्या आधीच्या बँडच्या, म्हणजे यार्डबर्ड्सच्या काळातली उरलेली चाल आहे. 'सिन्स आय'व्ह बीन लव्हिंग यू' ते आधीपासूनच मंचावर वाजवत होते.

तरी त्या घराचं एक देणं मी मानतो. वीज नसेल तर अँप नाही. अँप नसेल तर आवाजाच्या जाडीमागे लपता येत नाही. दोन माणसं, एक गिटार, एक गळा, आणि चाल स्वतःच्या पायावर उभी राहते की नाही ते लगेच कळतं. तुमच्या बँडनं एखादं गाणं असं बसवून बघा, फेज आणि डिस्टॉर्शन काढून. तीनपैकी दोन गाणी कोसळतील. आमची कोसळली होती.

पुढची वाट अशी: हॅम्पशरमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या, एकेकाळी गरिबांना ठेवत त्या वाड्यात तालमी आणि थोडं रेकॉर्डिंग, ते रोलिंग स्टोन्सच्या फिरत्या स्टुडिओ-ट्रकवर. बाकीचं काम लंडनच्या ऑलिंपिक आणि आयलंड स्टुडिओत, इंजिनिअर अँडी जॉन्स. ऑगस्टमध्ये परत अमेरिकेचा दौरा लागला, तेव्हा पेजनं टेपा सोबत नेल्या आणि मेम्फिसच्या आर्डेंट स्टुडिओत टेरी मॅनिंगबरोबर मिक्सिंग पुरं केलं. ऑक्टोबर १९७० मध्ये अल्बम आला. दहा गाणी, त्रेचाळीस मिनिटं. प्लँट तेव्हा बावीस वर्षांचा, ड्रमर जॉन बॉनमही बावीसचा. तुझ्यापेक्षा एका वर्षानं मोठे, बस.

आता मुद्द्याला येतो. मी हा अल्बम विद्यार्थ्यांना देतो तो अकूस्टिक गिटारीसाठी देत नाही. रेकॉर्डिंगमध्ये काय पुसायचं आणि काय राहू द्यायचं, हे शिकायला मला माहीत असलेल्या रॉक अल्बमांत याच्यासारखा दुसरा नाही. हेडफोन लाव आणि माझ्याबरोबर चल.

'इमिग्रंट साँग' सुरू व्हायच्या आधी हलकी फुसफुस ऐकू येते. ती टेपच्या जुनेपणाची नाही, एको यंत्राची आहे. त्यातच कुणीतरी आकडे मोजतंय. आजचा कुठलाही रेकॉर्डिस्ट सवयीनं तेवढा भाग कापेल आणि थेट पहिल्या ठोक्यावर गाणं उघडेल. इथे तो राहू दिलाय. त्यामुळे ती रिफ (गिटारचा पुन्हापुन्हा येणारा तुकडा) अंगावर येते तेव्हा ती 'कुठून तरी' येते. आधी खोली होती, माणसं होती, मग दणका. गाणं आहे अडीच मिनिटांचं, काळी तीनमध्ये, आणि जवळजवळ सगळं एकाच स्वराच्या खालच्या-वरच्या सप्तकातल्या उडीवर उभं. प्लँटला ते सुचलं आइसलँडमध्ये. जून १९७० मध्ये ते रेक्याविकला गेले होते. तिथे सरकारी कर्मचाऱ्यांचा संप, कार्यक्रम बारगळण्याच्या बेतात, मग विद्यापीठातल्या लोकांनी सभागृहाची सोय केली. त्यानंतर आठवड्याच्या आत बाथच्या महोत्सवात, दीड लाखाच्या आसपास गर्दीसमोर, त्यांनी याच गाण्यानं सुरुवात केली. तुझ्या पिढीला ते थॉरच्या सिनेमातून माहीत झालं, ठीक आहे. दार कुठलंही असो.

'फ्रेंड्स' संपतं तिथे एक घरघरता, खाली ओढणारा सूर येतो. मूग सिंथेसायझरचा आहे तो. तो सूर थांबत नाही, पुढच्या 'सेलिब्रेशन डे'च्या डोक्यावरून जातो आणि त्यातून गिटार बाहेर येते. मी कितीतरी वर्षं याला केवढी थोर कल्पना समजत होतो. खरी गोष्ट अशी की 'सेलिब्रेशन डे'च्या सुरुवातीचे ड्रम टेपवरून गेले होते. स्टुडिओतली चूक. पुन्हा वाजवायच्या ऐवजी त्यांनी आधीच्या गाण्याचा सूर पुढे ओढून ते भोक बुजवलं. ठिगळ लावलं आणि ठिगळ हीच नक्षी झाली. आमच्या धंद्यात याला अनुभव म्हणतात. चूक टाळणं कुणालाही जमत नाही. ती झाल्यावर रात्री दोन वाजता डोकं शांत ठेवून हातातल्या सामानात मार्ग काढणं, एवढंच आपल्या हाती असतं.

'टँजरीन'च्या सुरुवातीला पेज दोनचार सूर वाजवतो, थांबतो, श्वास घेण्याइतकी शांतता, मग मोजून पुन्हा सुरू. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं चुकला. चुकला नाही, लय पक्की करतोय. गवई बंदिशीला हात घालायच्या आधी मनात ठेका धरतो तसं. फरक एवढाच की इथे ते मनातलं आपल्याला ऐकू दिलंय.

आणि आता ती करकर. 'सिन्स आय'व्ह बीन लव्हिंग यू', जवळजवळ साडेसात मिनिटांचं, पांढरी एकमधलं मायनर ब्लूज. हेडफोन लावून ड्रमकडे लक्ष दे. प्रत्येक वेळी बॉनमचा पाय मोठ्या ड्रमच्या पेडलवर पडतो तेव्हा पेडल कुंईं करतं. लुडविग कंपनीचं स्पीड किंग पेडल, तेल न घातलेलं. एकदा ऐकू आलं की पुढे आयुष्यभर तेच ऐकू येतं, त्यासाठी आधीच माफी मागतो. माझ्या कॅसेटवर मला वाटायचं की प्लेअरचा पट्टा सैल झालाय. दोनदा पट्टा बदलला. मग एका मित्राकडे सीडीवर ऐकलं, तिथेही कुंईं. २०१४ साली पेजनं स्वतः बसून सगळं नव्यानं रीमास्टर केलं, तरी ती तिथेच आहे.

का राहू दिली? माझं उत्तर असं. ते गाणं जवळजवळ सगळं एकत्र, एका खोलीत वाजवलेलं आहे. जोन्स हाताने हॅमंड ऑर्गन आणि पायाने त्याचेच बासचे पेडल वाजवतोय, म्हणून बास गिटार नाहीच. तिघंचौघं एकमेकांकडे बघत कमी-जास्त करतायत. असा टेक (एका दमात वाजवून भरलेलं गाणं) आला की त्यातला एक आवाज वेगळा काढता येत नाही, कारण त्या ड्रमचा आवाज सगळ्याच माइकांत मिसळलेला असतो. करकर काढायची म्हणजे टेक टाकायचा आणि परत वाजवायचं. परत वाजवलं तर पेडल गप्प बसेल, पण तो टेक पुन्हा येईल याची हमी कोण देणार? त्यांनी टेक निवडला. प्रत्येक वेळी निवड टेकचीच झाली पाहिजे असं मी म्हणत नाही. आपण काय निवडतोय ते माहीत असलं पाहिजे, एवढंच.

माझा उलटा अनुभव सांगतो. संगणकावर आवाज साफ करायची सोय नवी नवी आली होती तेव्हाची गोष्ट. एका गावच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग केलं. पेटी जुनी, भाता दाबला की लाकूड करकरायचं. मी दोन रात्री जागून प्रत्येक करकर टिपून काढली. अगदी काचेसारखं स्वच्छ केलं. पेटीवाले बुवा ऐकून गेले, काही बोलले नाहीत. नंतर कुणाकडून तरी कळलं की घरी गेल्यावर ते म्हणाले, गाणं आमचंच आहे पण आम्ही त्यात बसलेलो नाही. मी परत ऐकलं. करकरीबरोबर भात्याचा श्वास गेला होता, आणि तो श्वास म्हणजे त्या भजनाची लय होती. मूळ टेप मी वरून भरून टाकली होती. काहीच करता आलं नाही.

म्हणून दुसरी बाजू तुला झोपाळू वाटते तिथे मी जरा अडून बसतो. गोंगाट कमी झाला की अशा गोष्टी ऐकू यायला जागा होते. 'गॅलोज पोल' घे. मूळ लोकगीत शेकडो वर्षं जुनं, युरोपभर त्याची रूपं आहेत. फाशी जाणारा जल्लादाला म्हणतो, थांब, माझी माणसं मला सोडवायला येतायत. बहुतेक जुन्या रूपांत शेवटी प्रियकर किंवा प्रेयसी येऊन सोडवते. इथला जल्लाद सोनंनाणं घेतो, बहिणीलाही सोडत नाही आणि तरीही फासावर चढवतो, वर हसतो. आता रचना ऐक. एकटी अकूस्टिक गिटार. मग हळूहळू एकेक वाद्य आत येतं, मँडोलिन, बास, बऱ्याच उशिरा ड्रम, मग बँजो. बँजो पेजनं त्याआधी कधी वाजवलेला नव्हता, जोन्सचा पडलेला होता तो उचलला आणि वाजवला. माणूस मरणाकडे सरकतोय आणि संगीत लग्नाच्या वरातीसारखं रंगात येतंय. व्हॉल्यूमचं बटण न फिरवता नुसत्या वाद्यांच्या येण्यानं ताण वाढवायचा कसा, हे शिकायचं असेल तर हे गाणं कागद-पेन घेऊन ऐक आणि कुठल्या सेकंदाला काय आलं ते लिहून काढ. मी हे प्रत्येक विद्यार्थ्याकडून करून घेतो. सगळे वैतागतात.

'ब्रॉन-इ-आउर स्टॉम्प' कुत्र्यासाठी लिहिलेलं गाणं आहे, वर उल्लेख आलाय त्या स्ट्रायडरसाठी. बॉनम त्यात चमचे वाजवतो. जगातला सर्वात जड हाताचा ड्रमर चमचे वाजवतोय, आणि ते तितकंच जड लागतंय. (घराच्या नावाचं स्पेलिंग अल्बमवर चुकलंय, एक अक्षर गळलं. तेही तसंच राहिलं. आता त्यालाही मी कलाकृतीत धरणार नाही, ती निव्वळ छपाईची चूक.) 'हॅट्स ऑफ टु रॉय हार्पर' मला स्वतःला कधीच फार आवडलं नाही. बुका व्हाइट या ब्लूज गायकाच्या जुन्या गाण्यावरून उचललेलं, स्लाइड गिटार छान, पण प्लँटचा आवाज थरथरवणाऱ्या अँपमधून काढायची गंमत साडेतीन मिनिटं टिकत नाही. इथे झोप आली तर माझी हरकत नाही. 'आउट ऑन द टाइल्स' पहिल्या बाजूच्या शेवटी दडलंय म्हणून दुर्लक्षित राहतं. तू रिफवाला माणूस आहेस, ते मात्र सोडू नकोस. बॉनम गुणगुणत असे त्या चालीवरून ते उभं राहिलं.

लोकांनी काय म्हटलं ते पटकन सांगतो. अल्बम इंग्लंड-अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेला, पण टीका झाली. सूर असा की हे आता क्रॉस्बी, स्टिल्स अँड नॅशची नक्कल करायला लागले, कारण त्यांचा अल्बम वर्षभर आधी गाजला होता. पेज इतका चिडला की पुढे बराच काळ पत्रकारांशी बोलणं टाळलं. चौथ्या अल्बमवर तर ना बँडचं नाव, ना अल्बमचं. अमेरिकेतल्या विक्रीच्या अधिकृत प्रमाणपत्रांच्या हिशेबात दुसरा अल्बम १ कोटी २० लाखांवर, तिसरा ६० लाखांवर. म्हणजे निम्मा. आवरण झॅक्रॉन नावाच्या चित्रकारानं केलं. पुठ्ठ्याला भोकं, आत फिरणारी चकती, फिरवली की भोकांतून वेगवेगळी चित्रं दिसतात. पेजला ते आवडलं नव्हतं, पोरकट वाटलं. मला मात्र चोर बाजारात एकदा ती एलपी हाती लागली तेव्हा मी दुकानात उभा राहून दहा मिनिटं चकतीच फिरवत बसलो. दुकानदारानं भाव तिथल्या तिथे वाढवला. त्यातल्या सुरुवातीच्या प्रतींवर शेवटच्या खाचेजवळच्या रिकाम्या जागेत अॅलिस्टर क्रोली या इंग्रज गूढवाद्याचं वचन कोरलेलं सापडतं. माझ्या प्रतीवर नव्हतं.

आता 'फ्रेंड्स'. हे तुला बसत नाही कारण तू ते नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये शोधतोयस. पेजनं गिटार वेगळी लावलीय. सगळ्यात जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत: सी, ए, सी, जी, सी, ई. घाबरू नकोस, तीनच तारा बदलायच्या आहेत. सहावी तार ई वरून चार फ्रेटांइतकी खाली, सी वर. पाचवी आहे तशी. चौथी डी वरून दोन फ्रेट खाली, सी वर. तिसरी आहे तशी. दुसरी बी वरून एकच फ्रेट वर, सी वर. पहिली आहे तशी. आधी खाली उतरवायच्या दोन तारा लाव, वर चढवायची शेवटी. खाली उतरवल्यानं मानेवरचा ताण बदलतो, म्हणून सगळं झालं की पुन्हा एक फेरी मार.

तारांबद्दल एक गोष्ट. तुझ्या अकूस्टिकवर दहाचा हलका संच असेल तर सहावी तार सी वर लोंबकळेल, फ्रेटवर आपटून भणभणेल, आणि तू स्वतःच्या हाताला दोष देत बसशील. बाराचा किंवा तेराचा, म्हणजे जाड तारांचा संच घाल. आणि नखापेक्षा बोटाच्या मांसानं, तळव्याच्या बाजूनं मार. हा आवाज भरलेला हवा, टोकदार नको.

आता तोच संच पेटीवाल्याच्या कानानं ऐक. पांढरी एक हा सा धर. मग तारा झाल्या: सा, ध, सा, प, सा, ग. मोज. तीन सा आणि एक प. तानपुऱ्याच्या चार ताराच की त्या. उरलेल्या दोन तारांत ध आणि ग. म्हणजे गिटारच्या पोटात एक तानपुरा बसवलाय आणि वर दोन सूर असे ठेवलेत की तो स्थिर बसू नये. हे मला कुणी सांगितलं नाही, एकदा क्लासमध्ये ट्यूनिंग लिहून देताना सवयीनं सरगम लिहिली आणि माझं मलाच हसू आलं. तुझं बोट का बसत नव्हतं ते आता कळेल. तू त्यात कॉर्ड शोधत होतास. हे गाणं कॉर्ड बदलत जाणारं नाहीच, एका सा वर ठाण मांडून त्याच्याभोवती सूर फिरवणारं आहे. उघड्या तारा सतत घुमू दे, आणि एकदोन बोटांनी त्यावर चाल काढ. कॉर्ड पकडायला जाशील तर तानपुरा बंद पडेल. वरचे व्हायोलिन-चेलोचे ओढलेले सूर जोन्सनं बसवलेले आहेत, ते मींडेसारखे एका सुरातून दुसऱ्यात घसरतात. त्यांची नक्कल गिटारवर करायची तर तार खेचून कर, फ्रेट मोजून नको.

'दॅट्स द वे' वाजवायचं असेल तर ते ओपन जी प्रकारचं (नुसत्या उघड्या तारा छेडल्या की जी कॉर्ड वाजते ती लावणी), पण रेकॉर्डबरोबर वाजवायला बसलास तर अख्खी गिटार अर्धा स्वर खाली घ्यावी लागेल. नाहीतर तू बरोबर असूनही बेसूर लागशील.

आणि तुला बहुधा माहीत नसेल अशी गोष्ट. १९७२ साली पेज आणि प्लँट मुंबईत आले होते. कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या डिस्कोत जाऊन वाजवलं, ती गोष्ट जुने लोक अजून रंगवून सांगतात. पण त्यांचं खरं काम स्टुडिओतलं. मुंबईचे वादक बोलावून त्यांनी दोन गाणी नव्यानं रेकॉर्ड केली. एक चौथ्या अल्बममधलं 'फोर स्टिक्स', आणि दुसरं हेच, 'फ्रेंड्स'. सगळी कॅटलॉग समोर असताना मुंबईत वाजवायला त्यांनी या तिसऱ्या अल्बममधलं गाणं का निवडलं, हे वरची सरगम बघितलीस तर वेगळं सांगावं लागणार नाही. त्या टेपा चाळीसहून जास्त वर्षं अधिकृतपणे बाहेर आल्या नाहीत, चोरट्या प्रती फिरत राहिल्या. शेवटी २०१५ मध्ये 'कोडा' या अल्बमच्या वाढीव आवृत्तीत आल्या, नावापुढे 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा' असं लिहून. १९९४ मध्ये पेज-प्लँट पुन्हा एकत्र आले तेव्हा इजिप्तच्या वादकांबरोबर त्यांनी हे गाणं परत घेतलं. तिन्ही लागोपाठ ऐक. लंडन, मुंबई, मग इजिप्तचे वादक.

मुंबईची प्रत ऐकशील तेव्हा तुला ती जरा अवघडलेली वाटेल. तालीम कमी झाल्यासारखी. कुठे कुठे वादक एकमेकांची वाट बघतायत असं माझ्या कानाला लागतं. तिचं तेच मला आवडतं. आमच्या स्टुडिओत बाहेरगावचा कुणी गायक येतो आणि आमचे वादक पहिल्यांदा त्याची चाल वाचतात, तेव्हा पहिल्या टेकला नेमका हाच आवाज येतो. सगळे सावध, सगळे ऐकतायत, अजून कुणी कुणावर विसंबलेलं नाही.

गिटार परत नेहमीच्या ट्यूनिंगला आणताना दुसरी तार आधी उतरव, मग जाड तारा हळूहळू चढव, आणि चढवताना तोंड गिटारवर झुकवू नकोस. जुनी सहावी तार तुटली तर गालावर बसते. कसं वाजलं ते कळव, आणि ड्रमरला सांग, पेडलला तेल घालायची घाई करू नकोस म्हणावं.